चैन आणि गरज (महाड-पोलादपूर परिसर)

चैन म्हणजे जिच्यावाचून निर्वाह अडत नाही, परंतु जी लाभल्यास जगणे सुखाचे होते अशी वस्तू, सोय किंवा प्रसंग. गरज म्हणजे जिच्यावाचून निर्वाह होत नाही अशी गोष्ट. या व्याख्या स्थिर भासल्या, तरी कोणती वस्तू कोणत्या रकान्यात पडते हे काळ, उत्पन्न, हवामान आणि समाजातील स्थान यांवर अवलंबून असते. आर्थिक ओढगस्तीच्या काळात दोहोंमधील सीमारेषा विशेष वेगाने सरकते. रायगड जिल्ह्यातील महाड व पोलादपूर हे डोंगराळ तालुके आणि रायगड किल्ल्याच्या पायथ्याचे पाचाड हे गाव यांच्या परिसरात हा बदल गेल्या सुमारे शंभर वर्षांत अनेकदा घडला आहे. तांदळाचा भात, गव्हाची पोळी, साखरेचा चहा, अंगावरचे सोने, घरातील वीज आणि मोबाइल फोन यांची ये-जा चैन व गरज या दोन रकान्यांत होत राहिली. प्रस्तुत लेखात या बदलाची कारणे, त्याचे टप्पे आणि त्याची रूपे यांचा आढावा घेतला आहे.

संज्ञा व शब्दार्थ

मराठीत 'चैन' या शब्दाला दोन अर्थच्छटा आहेत. 'चैन करणे' म्हणजे गरजेपलीकडचा खर्च करणे, तर 'चैन न पडणे' म्हणजे मनाला स्वस्थता नसणे. एकाच शब्दात अनावश्यक सुख आणि आवश्यक स्वास्थ्य असे दोन्ही अर्थ सामावले आहेत. प्रस्तुत विषयाची अडचण या दुहेरी अर्थातच आहे, कारण एखाद्या कुटुंबाला सणाचा गोड घास ही चैन वाटते आणि तो न झाल्यास त्याच कुटुंबाला चैन पडत नाही.

याच कुळातील इतर शब्दांतून बोलणाऱ्याचा दृष्टिकोन प्रकट होतो. 'हौस' या शब्दात कौतुक आहे आणि 'हौसेला मोल नाही' अशी म्हणही आहे. 'विलास' व 'ऐषआराम' हे शब्द श्रीमंतीशी निगडित आहेत. 'चोचले' आणि 'थेर' या शब्दांत मात्र निषेध आहे. सधन घरातील खर्चाला हौस म्हटले जाते, तर तोच खर्च गरीब घरात झाला की त्याला चोचले म्हणतात. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' आणि 'ऋण काढून सण साजरा करू नये' हे उपदेशही बहुधा ज्यांचे अंथरूण आखूड आहे त्यांनाच केले जातात.

सैद्धांतिक पार्श्वभूमी

ॲडम स्मिथ याने १७७६ साली प्रसिद्ध झालेल्या 'वेल्थ ऑफ नेशन्स' या ग्रंथात गरजेच्या वस्तूंमध्ये दोन प्रकारच्या गोष्टी गणल्या. पहिला प्रकार जगण्यास अपरिहार्य वस्तूंचा आणि दुसरा प्रकार म्हणजे देशरिवाजाप्रमाणे जिच्यावाचून सामान्य माणसाला चारचौघांत लाज वाटेल अशा वस्तूंचा. त्याने तागाच्या सदऱ्याचे उदाहरण दिले. प्राचीन ग्रीक व रोमन लोक असा सदरा नसताना सुखाने जगले. परंतु स्मिथच्या काळातील इंग्लंडात तो नसलेला मजूर चारचौघांत जाण्यास संकोचत असे.

जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल याने १८५७ मध्ये बेल्जियममधील कामगार कुटुंबांच्या जमाखर्चावरून असे दाखवले की, कुटुंबाचे उत्पन्न जितके कमी, तितका अन्नावरील खर्चाचा वाटा मोठा असतो. हा निष्कर्ष एंगेलचा नियम म्हणून ओळखला जातो. पुढे अर्थशास्त्रात उत्पन्नवाढीच्या प्रमाणापेक्षा अधिक वेगाने ज्या वस्तूची मागणी वाढते तिला चैनीची वस्तू म्हणण्याचा प्रघात पडला. या व्याख्येत वस्तूच्या अंगभूत गुणांचा विचार नसल्याने एकच वस्तू एका कुटुंबासाठी चैनीची व दुसऱ्यासाठी गरजेची ठरू शकते.

जेम्स ड्यूझेनबेरी याने १९४९ मध्ये मांडलेल्या विचारानुसार उत्पन्न घटले तरी कुटुंबे आपली राहणी लगेच खाली आणत नाहीत. पूर्वीच्या चांगल्या दिवसांतील पातळी धरून ठेवण्याचा ती प्रयत्न करतात. जॉर्ज ऑर्वेल याने १९३७ च्या 'द रोड टू विगन पियर' या पुस्तकात इंग्लंडातील बेकार खाणकामगारांविषयी असे निरीक्षण नोंदवले की, हलाखीत माणसे स्वस्त आणि जिभेला सुखावणाऱ्या छोट्या चैनी सोडत नाहीत, उलट त्यांचा अधिक आधार घेतात. अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो यांनी 'पुअर इकॉनॉमिक्स' (२०११) या ग्रंथात मोरोक्कोतील खेड्यांपासून भारतापर्यंतची उदाहरणे देऊन हाच प्रश्न पुन्हा उपस्थित केला.

भारतात दादाभाई नौरोजी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दरडोई उत्पन्नाचा अंदाज करून त्याची तुलना तुरुंगातील कैद्याच्या शिधा-कपड्याच्या खर्चाशी केली. त्या हिशेबात सण, लग्न, आजारपण यांना जागा नव्हती आणि तरीही सामान्य रयतेचे उत्पन्न त्या पातळीला पुरत नाही, असे त्यांनी दाखवून दिले. पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दारिद्र्यविषयक अभ्यासात दरडोई दररोज २,२५० उष्मांक पुरवणारा आहार हा निकष धरला. गरजेची रेषा आखण्याच्या अशा प्रत्येक प्रयत्नात रेषेपलीकडच्या गोष्टी आपोआप चैनीच्या ठरतात.

परिसराचे स्वरूप

महाड व पोलादपूर हे तालुके सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर, सावित्री नदीच्या खोऱ्यात वसले आहेत. पाचाड येथे राजमाता जिजाबाई यांचा वाडा व समाधी असून शिवराज्याभिषेकानंतर थोड्याच दिवसांत, १७ जून १६७४ रोजी, त्यांचे येथे निधन झाले. किल्ल्यावरील थंड वारा वृद्धापकाळी सोसत नसल्याने त्यांच्यासाठी पायथ्याशी वाडा बांधला गेला, असे परंपरा सांगते.

येथे पाऊस विपुल पडतो. तरीही उताराच्या खडकाळ जमिनीत पाणी टिकत नसल्याने अनेक वाड्यांना चैत्र-वैशाखात टंचाई सोसावी लागते व टँकरची वाट पाहावी लागते. ज्या आठवड्यात हंडाभर पाण्यासाठी डोंगर उतरावा लागतो, त्या आठवड्यात रोजची अंघोळ वा अंगणातील तुळशीखेरीज इतर झाडांना पाणी घालणे चैनीत जमा होते. आषाढात त्याच घराभोवती पाण्याचे लोट वाहत असतात. गरज व चैन यांची उलथापालथ येथे वर्षाच्या चक्रातही घडते.

शेतजमीन दोन प्रकारची आहे. सपाटीवरील खाचरांत भात होतो. डोंगरउतारावरील वरकस जमिनीत नाचणी व वरी घेतली जाते. भाताचे क्षेत्र थोडे आणि पीक वर्षातून बहुधा एकदाच असल्याने शेतीवर बाराही महिने भागत नसे. त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कोकणातील पुरुष मुंबईच्या गिरण्या, गोदी व इतर नोकऱ्यांकडे वळले. मुंबईस नोकरी करणाऱ्या या 'चाकरमान्यां'ची मनीऑर्डर हा गावाच्या अर्थव्यवस्थेचा कणा बनला. भारतात टपालखात्याची मनीऑर्डर सेवा १८८० मध्ये सुरू झाली होती.

इतिहास

भात आणि नाचणी

वरकस जमिनीवर अवलंबून असलेल्या घरांत रोजचे अन्न नाचणीची भाकरी, वरीचा भात, आंबील आणि पेज हे असे. तांदूळ स्वतःच्या खाचरात पिकत असला, तरी त्याचा बराचसा भाग खोताचा खंड, सावकाराचे देणे आणि मीठ-मिरची-कापडाची खरेदी यांत जाई. घरात उरलेला तांदूळ पाहुणा, आजारी माणूस, बाळंतीण आणि सण यांसाठी राखून ठेवला जाई. अशा रीतीने भात पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या घरात भात ही चैनीची वस्तू होती. गहू या भागात फारसा पिकत नसल्याने गव्हाची पोळी तर होळीसारख्या सणालाच दिसे.

जुने धान्य संपून नवे यायला अवकाश असलेले आषाढ-श्रावण हे महिने सर्वांत कठीण असत. या काळात सवाई किंवा दिढीने धान्य उसने घेतले जाई. म्हणजे एक मण धान्य घेतल्यास सुगीला सव्वा किंवा दीड मण परत करावे लागे. पावसापूर्वी, आगोटीला, सुकी मासळी, मीठ, मिरची व सरपण यांची बेगमी करणे ही खेड्यातील घरांची मोठी गरज होती. ज्या घराला ती करता येत नसे, त्या घरी टाकळा, कुर्डू, भारंगी यांसारख्या रानभाज्या आणि करांद्यांसारखे कंद यांवर दिवस काढले जात. खोती पद्धत १९४९ च्या कायद्याने नष्ट झाली.

खोतीविरुद्धच्या लढ्यातील एक उदाहरण याच जिल्ह्यातील आहे. अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे खोतांची जमीन कसण्यास नकार दिला. संपकाळात या कुटुंबांनी लाकूडफाटा विकून व मिळेल ती मजुरी करून निर्वाह केला. येथील टंचाई हक्कासाठी स्वतःहून पत्करलेली होती, त्यामुळे गरजेची यादी आखडण्याचा निर्णयही गावकऱ्यांचाच होता. दुष्काळी कामावरील मजुराची स्थिती याच्या उलट असे. १८७६-७८ च्या दुष्काळात मुंबई इलाख्यात रिचर्ड टेंपल याच्या धोरणानुसार मजुरी दिवसाला सुमारे एक पौंड धान्य आणि थोडी रोकड इतकी खाली आणली गेली. दख्खनमधील मजुरांनी त्याविरुद्ध कामावरून निघून जाऊन निषेध केला आणि पुणे सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. पोटभर जेवण ही गरज की चैन, असाच तेव्हा वादाचा मुद्दा होता.

जातीने घातलेली मर्यादा

चैनीची सीमा नेहमी पैशानेच आखली जात नसे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींना चांगले कपडे, विशिष्ट दागिने, तूप आणि सार्वजनिक पाणवठा यांचा वापर रूढीने नाकारलेला होता. ऐपत असूनही एखादी वस्तू घेतल्यास ती 'पायरी सोडणे' मानली जाई. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 'ॲनाहिलेशन ऑफ कास्ट' (१९३६) मध्ये जयपूर संस्थानातील चकवारा या गावची घटना नोंदवली आहे. तेथे अस्पृश्यांनी जेवणावळीत तूप वाढले म्हणून सवर्णांनी पंगतीवर हल्ला केला.

महाड हे या प्रश्नावरील लढ्याचे केंद्र ठरले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली चवदार तळ्याचे पाणी पिऊन सत्याग्रह झाला. त्याच परिषदेत मृत जनावराचे मांस खाणे सोडावे असा आग्रह धरण्यात आला. मृतमांस हे सक्तीच्या दारिद्र्याचे अन्न होते आणि ते नाकारणे म्हणजे आपल्या गरजेची पातळी आपण ठरवण्याचा हक्क सांगणे होते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडलाच भरलेल्या दुसऱ्या परिषदेच्या वेळी त्यांनी स्त्रियांना इतर समाजातील स्त्रियांप्रमाणे नीट लुगडे नेसण्याचा आणि अस्पृश्यतेची खूण ठरलेले जड गळेसर व कोपरापर्यंतचे गोट टाकून देण्याचा उपदेश केला. लुगडे नेसण्याच्या पद्धतीला जादा पैसा लागत नव्हता. तरीही ती कोणाची 'ऐट' मानली जाईल हे समाजाने ठरवले होते. स्मिथने वर्णिलेली चारचौघांतील लाज येथे रूढीने लादलेली होती.

महायुद्ध आणि शिधावाटप

दुसऱ्या महायुद्धात मार्च १९४२ मध्ये रंगून जपानच्या हाती गेले आणि ब्रह्मदेशातून येणाऱ्या तांदळाचा पुरवठा थांबला. मुंबई व कोकण यांना हा धक्का विशेष जाणवला. मुंबई शहरात २ मे १९४३ पासून शिधावाटप सुरू झाले. चाकरमान्याच्या मुंबईतील खोलीत आणि गावातील घरात एकाच वेळी तांदूळ दुर्मिळ झाला. साखर, रॉकेल आणि कापड यांच्यावरही नियंत्रण आले.

शिधावाटपाचा परिणाम दुहेरी झाला. ज्यांना पूर्वी हवा तेवढा भात मिळे, त्यांच्यासाठी तो मोजून मिळणारी वस्तू बनला. उलट तांदळाऐवजी गहू मिळू लागल्याने सणाची पोळी हळूहळू रोजच्या ताटात आली. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या पी. एल. ४८० योजनेखाली आयात झालेल्या गव्हाने हा बदल पुढे नेला. १९६५ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी सोमवारी एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले. ज्यांच्या घरी दोन वेळा अन्न शिजत होते त्यांना हे आवाहन त्यागाचे वाटले. ज्यांच्या घरी एक वेळच शिजत होते त्यांच्यापाशी सोडण्यासारखे काही नव्हते. १९७२ च्या दुष्काळात राज्यभर आठवणीत राहिले ते रेशनवरील लाल मिलो आणि दुष्काळी कामांवर वाटली जाणारी सुखडी.

गिरणी संप

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील कापडगिरण्यांचा संप सुरू झाला. त्यात सुमारे अडीच लाख कामगार सहभागी होते. संप औपचारिकरीत्या कधी मागे घेतला गेला नाही आणि हजारो कामगार कायमचे बेकार झाले. कोकणातील कामगारांपैकी अनेक जण गावी परतले. महाड-पोलादपूरच्या ज्या घरांत दरमहा मनीऑर्डर येत असे, तेथे ती थांबली आणि वर खाणारे एक तोंड वाढले.

ड्यूझेनबेरीने वर्णिलेली प्रवृत्ती या काळात स्पष्ट दिसते. संपकरी कुटुंबांनी खर्च टप्प्याटप्प्याने उतरवला. कपडे, सिनेमा, गावची फेरी यांना प्रथम कात्री लागली. त्यानंतर दूध, मासळी आणि मुलांच्या शिकवण्या गेल्या. पुढच्या टप्प्यात दागिने गहाण पडले, भांडी विकली गेली आणि काही मुलांच्या शाळा सुटल्या. अनेक स्त्रियांनी घरकाम, पोळ्या लाटणे, खानावळ अशी कामे पत्करून घर सावरले. गिरणगावातील खानावळी चालवणाऱ्या स्त्रियांसाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले होते. या व्यवसायाचे महत्त्व संपकाळात अधिक ठळक झाले.

मोठी चैन गेली तरी छोटी चैन टिकली. कोकणात गणपती व शिमगा या सणांना चाकरमान्याने गावी येणे ही प्रथा इतकी दृढ आहे की, तो खर्च अनेक घरांत गरजेच्या यादीत असतो. गणपती बंद ठेवणे म्हणजे घर बुडाल्याची कबुली, अशी भावना त्यामागे असते. चहाचेही तसेच आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नवे व्यसन म्हणून टीका झालेला चहा शतकाच्या उत्तरार्धात पाहुणचाराचे किमान माप बनला. दूध परवडेनासे झाले तर कोरा, साखर परवडेनाशी झाली तर गुळाचा, पण चहा दिला जातोच. आल्यागेल्यास कपभर चहाही देता न येणे हे या भागात अडचणीचे शेवटचे टोक मानले जाते.

टाळेबंदी, निसर्ग चक्रीवादळ आणि पूर

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. मुंबईतील रोजगार थांबल्याने चाकरमानी पुन्हा एकदा गावी परतले. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर धडकले. जिल्ह्यात घरांचे पत्रे व कौले उडाली, विजेचे खांब कोसळले आणि अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. वीज ही गरज आहे याविषयी तोवर कोणाला शंका नव्हती. त्या दिवसांत मात्र फोनची बॅटरी भरून मिळणे हीच मोठी सोय ठरली.

याच काळात एक उलट बदल घडला. स्मार्टफोन हा शाळकरी मुलाच्या हाती असणे हे तोवर चोचले समजले जाई. शाळा बंद होऊन शिक्षण फोनवर आल्यावर तोच फोन पाटी-पुस्तकाच्या जागी गेला. एका घरात दोन-तीन मुले व एकच फोन असल्यास कोणाचा वर्ग चुकवायचा, हा प्रश्न उभा राहिला. डोंगराळ वाड्यांतील मुले नेटवर्कसाठी उंचावर जाऊन बसत. उत्पन्न आटत असताना गरजेची यादी वाढण्याचे हे उदाहरण आहे.

२२ जुलै २०२१ रोजी महाड शहर पुराच्या पाण्याखाली गेले आणि त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ८० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. पोलादपूर तालुक्यातही केवनाळे व साखर सुतारवाडी येथे दरडी कोसळल्या. अशा आपत्तीत यादी क्षणार्धात कोरड्या कपड्यापर्यंत आणि पिण्याच्या पाण्यापर्यंत खाली येते. तिच्या पुनर्बांधणीत मात्र मतभेद होतात. मदत देणाऱ्यास धान्य, चादरी व भांडी ही गरज दिसते. घेणाऱ्यास वाहून गेलेली कागदपत्रे, देव्हारा किंवा मुलांची दप्तरे तितकीच निकडीची वाटतात.

बदलाची रूपे

वरील घटनांतून टंचाईच्या काळातील बदलाची चार रूपे वेगळी करता येतात.

उतार: पूर्वी गरजेची असलेली वस्तू चैनीची ठरते. युद्धकाळातील तांदूळ, संपकाळातील दूध व शिकवणी ही याची उदाहरणे होत. २०१६ पासूनच्या उज्ज्वला योजनेतून घरोघरी गॅस पोहोचला, परंतु सिलिंडर भरून आणण्याचे पैसे नसले की पुन्हा चूल पेटते. अशा घरी गॅस पाहुण्यांच्या चहापुरता राखला जातो.

चढ: चैनीची वस्तू गरज बनते. टाळेबंदीतील स्मार्टफोन हे याचे अलीकडील उदाहरण आहे.

टिकाव: उत्पन्न घटूनही काही खर्च सोडले जात नाहीत. सण, पाहुणचार, लग्न-कार्यातील मानपान आणि मृत्यूनंतरचे विधी यांचा यात समावेश होतो. बाहेरून पाहणाऱ्यास हा अविचार वाटतो. परंतु अडीनडीला धावून येणारी भावकी व शेजार याच प्रसंगांतून टिकतात, म्हणून या खर्चाकडे संकटकाळची तरतूद म्हणूनही पाहता येते. कर्ज काढून केलेल्या लग्नखर्चाने कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या सावकाराच्या हाती गेल्याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे आणि समाजसुधारकांनी त्यावर सातत्याने टीका केली आहे.

उलटापालट: दारिद्र्याची खूण असलेली वस्तू प्रतिष्ठेची होते. नाचणी, रानभाज्या, हातसडीचा तांदूळ व गूळ ही याची उदाहरणे असून त्यांचा विचार पुढे केला आहे.

कुटुंबातील वाटणी

टंचाईत काय सोडायचे हे घरातील सर्वांच्या संमतीने ठरतेच असे नाही. सर्वांना वाढून झाल्यावर उरेल ते खाण्याच्या प्रथेमुळे स्त्रियांच्या ताटातील भाजी, दूध व भात प्रथम कमी होतो. कमावत्या पुरुषाचा विडी-तंबाखूचा खर्च गरजेत धरला जातो, तर स्त्रीचे औषधपाणी 'पुढे पाहू' म्हणून राहते. दुभते जनावर असलेल्या घरांतही दूध बाजारात जाते व घरात ताक उरते. रायगडावर दूध विकायला जाणाऱ्या हिरकणीची आख्यायिका या परिसरातच सांगितली जाते.

मुलींच्या शिक्षणावर टंचाईचा आघात अधिक होतो. मुलाची फी ही गुंतवणूक आणि मुलीची फी ही हौस, असा भेद अनेक घरांत होता. गावात शाळा नसल्यास एसटीचा पास, गणवेश व वह्या यांचा खर्च येतो आणि अडचणीच्या वर्षात तो प्रथम मुलीच्या बाबतीत थांबतो. सणाची साडी पुढल्या वर्षी घेता येते. सुटलेले शाळेचे वर्ष सहसा परत मिळत नाही. या कारणाने शिक्षणाला चैनीच्या यादीतून कायमचे बाहेर काढणे हा मोफत शिक्षण, मोफत प्रवास व शालेय पोषण आहार यांसारख्या योजनांचा हेतू राहिला आहे.

शासनाची भूमिका

गरज आणि चैन यांची यादी शासनही करते. १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याने काही वस्तूंच्या उत्पादन व वितरणावर नियंत्रण ठेवण्याचे अधिकार शासनाला दिले. १९६२ च्या चीन युद्धानंतर जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि नवीन दागिने १४ कॅरटपेक्षा अधिक शुद्धतेचे करण्यास मनाई झाली. शासनाच्या दृष्टीने दागिना ही चैन होती. खेड्यातील स्त्रीच्या दृष्टीने मात्र मंगळसूत्र किंवा सोन्याचे चार मणी ही सौभाग्याची खूण आणि बँक नसलेल्या गावातील एकमेव बचत होती. या नियमांमुळे असंख्य सोनारांचा व्यवसाय बुडाला. १९६८ मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा झाला व तो १९९० मध्ये रद्द करण्यात आला. संपकाळात गहाण पडलेल्या दागिन्यांनीच अनेक घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या, हे लक्षात घेता सोन्याला निव्वळ चैन मानणे अपुरे ठरते.

रोजगार हमी योजनेने वेगळा मार्ग धरला. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आकारास आलेली ही योजना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर राबवली गेली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. या योजनेत वस्तूंची यादी न ठरवता कामाची व मजुरीची हमी देण्यात आली, त्यामुळे त्या पैशांतून काय घ्यावे हे ठरवण्याचा अधिकार मजुराकडे राहिला.

सद्यस्थिती

राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार ग्रामीण भारतातील कुटुंबाच्या एकूण खर्चात अन्नाचा वाटा २०११-१२ मध्ये सुमारे ५३ टक्के होता; तो २०२२-२३ मध्ये सुमारे ४६ टक्क्यांवर आला. एंगेलच्या नियमाप्रमाणे हे राहणीमान सुधारल्याचे लक्षण मानले जाते. प्रवास, फोन, औषधोपचार व शिक्षण यांचा वाटा वाढला आहे. यांपैकी औषधोपचारावरील वाढता खर्च मात्र सुबत्तेचे लक्षण मानता येत नाही.

२०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले आणि नाचणी शहरी दुकानांत आरोग्यदायी अन्न म्हणून चढ्या दराने विकली जाऊ लागली. कृषी विभागाच्या रानभाजी महोत्सवांत टाकळा, भारंगी व कंटोळी यांना मागणी असते. १९९६ मध्ये रोपवे सुरू झाल्यापासून रायगडाकडे पर्यटकांचा ओघ वाढला. पाचाड व किल्ल्यावरील स्थानिक कुटुंबे पर्यटकांना पिठले-भाकरी व ताक देतात. एकेकाळी भात नाही म्हणून खाल्ली जाणारी भाकरी आता पर्यटकाची हौस आणि विकणाऱ्याची उपजीविका झाली आहे. त्याच घरांत रेशनचा तांदूळ रोज शिजतो, तर वरकस जमिनीवरील नाचणीचे क्षेत्र मजुरांच्या अभावी व रानडुकरांच्या उपद्रवामुळे आटत चालले आहे.

शहरातील ग्राहक नाचणी निवडतो, कारण त्याला भातही परवडतो. आषाढातील शेतकऱ्याला अशी निवड नव्हती. वस्तू तीच राहिली तरी निवडीचे स्वातंत्र्य आहे की नाही, यावर ती चैन ठरते की नाइलाज, हे अवलंबून असते.

हे सुद्धा पाहा

पाचाड, महाड सत्याग्रह, चरीचा शेतकरी संप, मुंबईचा गिरणी संप, रोजगार हमी योजना, नाचणी